डेंग्यू : ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस

डेंग्यूचा ताप उतरला कीं घरांतील मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. बहुतेकांच्या बाबतींत तें योग्यच असतें. परंतु थोड्या रोग्यांवर खरा घाला नेमका याच वेळीं येतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास, ताप ओसरत असतां, केसाहून बारीक अशा रक्तवाहिन्या पाझरूं लागतात. जखम कोठेंच दिसत नाहीं, तरी रक्तांतील द्रवभाग छाती व पोट यांच्या पोकळींत झिरपत जातो. मागें उरलेलें रक्त दाट होतें, नाडी बारीक व जलद चालते, हातपाय गार पडतात. मूल मात्र शुद्धीवर असतें, विचारल्यास उत्तरहि देतें; त्यामुळें पाहणारा फसतो. रक्तदाबाचा वरचा आंकडा प्रथम फारसा उतरत नाहीं. खालचाच वर चढून दोहोंतील अंतर २० किंवा त्याहूनहि कमी उरतें. अनुभवी डॉक्टरांची दृष्टि प्रथम या अंतराकडे जाते.

यावर उपचार तो काय? श्रोत्यांना आश्चर्य वाटेल, पण मुख्य उपचार शिरेवाटे दिलेल्या क्षारयुक्त पाण्याचा. १९५८ सालीं बँकॉकमध्यें मुलांत मोठी साथ आली. तेथील बालरुग्णालयांतील अनुभवाच्या आधारें जागतिक आरोग्य संघटनेनें १९७५ सालीं उपचाराचे नियम घालून दिले. रक्तदाब पार कोसळला असेल, तर दर किलो वजनास सुमारें २० मिलीलिटर द्राव पंधरा मिनिटांत देतात; नाडी भरली कीं वेग तासातासानें उतरवीत नेतात. द्राव फार भारी हवा असेंहि नाहीं. व्हिएतनाममधील मुलांवरील २००५ सालच्या प्रयोगांत मध्यम प्रतीच्या आघातास स्वस्त रिंगर लॅक्टेट पुरेसें ठरलें.

रक्ताचा दाटपणा मधून मधून मोजावा लागतो. तो उतरला आणि नाडी मात्र सुधारली नाहीं, तर आंत कोठें तरी रक्तस्राव होत असतो. तेव्हां पाणी नव्हे, रक्त द्यावें लागतें. प्लेटलेट्ससाठीं नातलग रात्रभर धांवाधांव करतात खरे. पण रक्तस्राव नसतां केवळ आंकडा घटला म्हणून त्या दिल्यानें रक्तस्राव टळत नाहीं, असें २०१७ सालच्या सिंगापूर-मलेशियांतील चांचणींत दिसलें.

चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत पाझर थांबतो आणि झिरपलेलें पाणी रक्तांत परतूं लागतें. आतां बाटली चालूच ठेविली, तर फुप्फुसांत पाणी सांचून रोगी गुदमरतो. बाटली काढली म्हणून घरचे कुरकुरतात. पण ती वेळेवर काढणें हाहि उपचारच. उपचाराविना अशा आघातांत शंभरांतील वीसांहून अधिक रोगी दगावूं शकतात. वेळींच नेमके उपचार झाल्यास एकहि क्वचितच.

ताप उतरत असतां पोटांत तीव्र कळा, वारंवार ओकारी, हिरड्यांतून रक्त, विलक्षण सुस्ती किंवा लघवी कमी होणें, यांपैकीं कांहींहि दिसल्यास रोग्यास त्याच घटकेस रुग्णालयांत न्यावें. ॲस्पिरिन तर मुळींच देऊं नये.