अंगणातली सदाफुली आणि सलाइनमधलं औषध

नाशिकमध्ये कुणाला कॅन्सर झाल्याचं कळलं, की भेटायला येणारं माणूस रिकाम्या हाताने येत नाही. कुणी लक्ष्मणफळ आणतं, कुणी सदाफुलीची पानं चावायला सांगतं, कुणी काळ्या द्राक्षांचा व्हिडिओ दाखवतं. माया खरी असते, माहिती मात्र अर्धवट. ती पूर्ण करून घेऊ.

गैरसमज : डॉक्टर झाडपाल्याकडे बघतच नाहीत.
वस्तुस्थिती : केमोथेरपीतली अनेक औषधं झाडांतूनच आली. आपल्या नाशिक विभागातल्या नंदुरबारला १९२५ साली जन्मलेले मनसुख वाणी अमेरिकेत रसायनशास्त्रज्ञ झाले. मनरो वॉल यांच्यासोबत त्यांनी १९६६ मध्ये एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन आणि १९७१ मध्ये पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल जगापुढे आणलं. टॅक्सॉल, म्हणजेच पॅक्लिटॅक्सेल, आज स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरवर सर्रास दिलं जातं.

गैरसमज : मग सदाफुलीची पानं खाल्ली तरी तेच.
वस्तुस्थिती : सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टिन मिळतं आणि त्याने ल्युकेमिया झालेली असंख्य मुलं बरी झाली, हे खरं. पण शेकडो किलो वाळलेल्या पानांतून ते जेमतेम ग्रॅमभर निघतं. प्रौढ माणसालाही एका वेळी सहसा दोन मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत, तेही थेट शिरेतून. शिरेबाहेर सांडलं तर आजूबाजूचं मांस जळतं. कुठल्या पानात किती अंश आहे, हे चावणाऱ्याला कसं कळणार? शिवाय पानांत इतरही विषारी द्रव्यं असतात.

गैरसमज : नैसर्गिक आहे, अपाय होणार नाही.
वस्तुस्थिती : आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही कॅम्प्टोथेसिन आहे आणि त्यापायी त्याची बेसुमार तोड झाली. याच द्रव्याच्या रुग्णांवरच्या सुरुवातीच्या चाचण्या मूत्राशयातून रक्तस्राव आणि इतर त्रासांमुळे थांबवाव्या लागल्या. रेणूत बदल करून बनवलेली टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही औषधं अमेरिकेत मंजूर व्हायला १९९६ साल उजाडलं. लक्ष्मणफळातलं ॲनोनॅसिन चेतापेशींना घातक असल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. ते फळ कॅन्सर बरा करतं, याला माणसांवरच्या चाचण्यांचा आधार नाही.

गैरसमज : काळ्या द्राक्षांनी गाठ विरघळते.
वस्तुस्थिती : द्राक्षाच्या सालीत रेसव्हेरट्रॉल असतं आणि काचेच्या बशीतल्या कॅन्सरपेशींवर त्याचा परिणाम दिसतो. पण पोटात गेल्यावर आतडं आणि यकृत त्याचं रूप झपाट्याने बदलतात, रक्तात फारच थोडं उरतं. मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरच्या रुग्णांना ते मोठ्या मात्रेत देऊन पाहिलं, तेव्हा काहींची मूत्रपिंडं बिघडली आणि चाचणी बंद करावी लागली.

गैरसमज : आधी झाडपाला करून बघू, केमो आहेच.
वस्तुस्थिती : गाठ आपल्यासाठी थांबत नाही. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये बऱ्या होण्याजोग्या कॅन्सरच्या रुग्णांची तुलना केली. नेहमीचे उपचार घेतलेल्यांच्या तुलनेत केवळ पर्यायी उपचार निवडलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका अडीचपट आढळला.

घरात काढा, चूर्ण, हळदीच्या गोळ्या चालू असतील, तर डबीसकट कॅन्सरतज्ज्ञांना दाखवा. काही द्रव्यं केमोच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण कमी-जास्त करतात. रागावतील म्हणून लपवू नका. आणि भेटायला जाणाऱ्यांनो, डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर द्राक्षं जरूर न्या, स्वच्छ धुऊन, खाऊ म्हणून. त्याहून मोठी मदत म्हणजे केमोच्या दिवशी सलाइन संपेपर्यंत शेजारी बसणं. त्या बाटलीतही कदाचित एखाद्या झाडाचंच देणं असेल, मोजून आणि पारखून घेतलेलं.