ती मुलगी कुठं मोजली?

मुलांनो, तुमच्या वर्गाच्या फळ्यावर कोपऱ्यात रोज दोन आकडे असतात. पट आणि हजर. दोन्ही क्वचितच सारखे येतात, हो ना? आता हाच हिशेब अख्ख्या देशाचा करायचा म्हटलं तर! तो शिकवणारा एक विषय विद्यापीठात आहे, लोकसंख्या भूगोल. १९५३ साली ट्रेवार्था नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी भूगोलात नद्या-डोंगरांइतकंच माणसांनाही स्थान हवं, असा आग्रह धरला आणि विषय नावारूपाला आला.

आमच्या वरवंडची एक मुलगी पुण्याला बी.ए.ला भूगोल शिकते. चौथीपर्यंत ती माझ्याच वर्गात होती. दिवाळीच्या सुट्टीत भेटायला आली तेव्हा मी विचारलं, "काय गं, कसा काय विषय?"

"बाई, पहिले दोन महिने नुसती आकडेमोड! दर हजारी जन्म किती, मृत्यू किती, हजार पुरुषांमागं स्त्रिया किती. शिवाय वयोगटांचा मनोरा काढायचा. खाली लहान मुलं, वर म्हातारी माणसं. माझा तीनदा चुकला."

मग तिनं मला एक गणित घातलं. २०११ साली पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४,२९,४०८ आणि क्षेत्रफळ १५,६४३ चौरस किलोमीटर. भागा पाहू! एका चौरस किलोमीटरला सुमारे ६०३ माणसं. "पण बाई, भोरच्या डोंगरात एवढी माणसं कुठली? आणि हडपसरला एवढ्यावर भागेल का?" सरासरी ही अशी लबाड असते, बरं का!

विषयाची खरी गोडी तिला लागली ती स्थलांतराच्या तासाला. सरांनी विचारलं, "तुमच्यात स्थलांतरित कोण?" वसतिगृहातल्या चार-पाच जणांनी हात वर केले. सर म्हणाले, "आणि तुमच्या आया?" सगळा वर्ग हसला. पण आपल्या देशात गाव सोडण्याच्या कारणांत सगळ्यात मोठा आकडा लग्न होऊन सासरी गेलेल्या बायकांचाच आहे. घरी आल्यावर तिनं हे आईला सांगितलं. आई म्हणाली, "अगं, मी तर इथल्या केडगावची!" असेना का. गाव बदललं की जनगणनेत नोंद होते.

त्याच तासाला तिला तिसरीतली बाकावरची मैत्रीण आठवली. आमच्या दौंड भागात ऊस फार. दिवाळीच्या सुमारास बीडकडून तोडणीवाले येतात, शिवारात कोप्या पडतात. ती मैत्रीण त्यांच्यातली. पाढे हिच्यापेक्षा चांगले म्हणायची. पाडव्याच्या आत गेली, वार्षिक परीक्षा काही दिली नाही.

"बाई, अशी मुलं जनगणनेत कुठं मोजतात?"

हे मात्र मला ठाऊक होतं. २०११ च्या फेब्रुवारीत प्रगणक म्हणून मीच दारोदार फिरले होते. गणनेच्या साऱ्या दिवसांत जो घरापासून दूर असेल, त्याला असेल तिथं मोजायचं, असा नियम. म्हणजे आमच्या शिवारात. कोपीतल्या एका बाईनं मला तेव्हा विचारलं होतं, "मंग आमच्या गावात आमी न्हाईच का?" मला उत्तर सुचलं नव्हतं.

माझी विद्यार्थिनी म्हणाली, "म्हणजे बाई, फेब्रुवारीत मोजलं की त्यांचं गाव आहे त्यापेक्षा लहान दिसणार. आणि इथं मोजलेली माणसं उन्हाळ्यात इथं नसणार!"

२०२१ ची जनगणना करोनामुळे लांबली. पुढच्या गणनेसाठी १ मार्च २०२७ ही तारीख धरली आहे. ऊसतोड तेव्हाही चालू असेल.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी कोप्यांवर गेलो. शाळेच्या वयाची सात मुलं भेटली. तिघांजवळ त्यांच्या गावच्या शाळेनं दिलेलं शिक्षण हमी कार्ड होतं. उरलेल्या चौघांची नावं मी वहीत लिहून आणली आहेत. सोमवारी शाळा उघडते.