आगीचा बंब आणि माणसांची कवाईत

आगीची आरोळी ऐकून स्वस्थ बसणारा माणूस विरळा. हातीं सांपडेल तें भांडें घेऊन शेजारी धांवतो, वाटसरू थांबतो, पोरेंसोरेंहि गोळा होतात. तथापि धांवून आलेल्या शंभर जणांपैकीं नक्की काय करावयाचें हें जाणणारे दहाहि नसतात, आणि तेवढ्या अवकाशांत घराची राख होते. परोपकाराची बुद्धि ही एक गोष्ट. परोपकाराचें सामर्थ्य ही दुसरी. दुसरी शिकावी लागते. सुमारें पावणेदोनशें वर्षांपूर्वीं जर्मनींतील एका यंत्रकारागिरास हें सत्य उमगलें. त्याचें नांव कार्ल मेट्झ. आगीशीं झुंजणाऱ्या स्वयंसेवकांचें स्मरण करतांना ह्या कारागिराचें चरित्र अवश्य पाहावें.

मेट्झचा जन्म सन १८१८ मध्यें बाडेन संस्थानांतील हायडेलबर्ग येथें झाला. सन १३८६ मध्यें स्थापन झालेल्या विद्यापीठामुळें ह्या गांवाचें नांव विद्वानांच्या तोंडीं असे. मेट्झनें मात्र यंत्रकामाचा मार्ग धरला. वयाच्या चोविसाव्या वर्षीं, म्हणजे सन १८४२ मध्यें, त्यानें स्वतःचा कारखाना काढला आणि आगीचे बंब करण्यास आरंभ केला. त्या भूमीस आगीची ओळख नवी नव्हती. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या सैन्यानें सन १६८९ मध्यें बाडेनमधील दुर्लाख हें शहर जाळलें, व सन १६९३ मध्यें हायडेलबर्गचीहि तीच गत केली.

त्या काळचा बंब म्हणजे चाकांवर बसविलेला एक दुहेरी पंप होय. दोन नळकांड्यांतील दट्टे एका लांब दांड्यास जोडलेले असत. दोहों बाजूंस माणसें उभीं राहून दांडा आळीपाळीनें खालीं दाबीत, तेव्हां एक दट्ट्या वर जाई आणि दुसरा खालीं येई. पाणी प्रथम एका बंद हवाकोठींत शिरे. तेथें कोंडलेली हवा दाबली जाऊन तें नळींतून तुटक तुटक न उडतां अखंड धारेनें बाहेर पडे. ही युक्ति मेट्झच्या पूर्वींची. कातडी नळीहि आमस्टरडॅमच्या यान वान डेर हायडेन ह्या चित्रकारानें सतराव्या शतकांतच प्रचारांत आणली होती. मेट्झनें यंत्राबरोबर तें चालविणाऱ्या माणसांचाहि विचार केला. दांडा दाबणाऱ्यांचा ताल चुकला कीं धार तुटे. नळीस पीळ पडला कीं पाणी अडे. शिडीवरच्यास पाणी केव्हां हवें हें खालच्यास कळलें नाहीं तर सर्वांचे श्रम व्यर्थ.

जुनी व्यवस्था नेमकी येथेंच लंगडी पडे. जर्मन शहरांतून आग विझविणें हें गृहस्थांचें सक्तीचें कर्तव्य असे. घंटा झाली कीं बादली घेऊन धांवावें आणि रांगेंत उभें राहून पाणी पुढें द्यावें, असा दंडक होता. परंतु जें काम सर्वांचें, तें कोणाचेंच नव्हे. आज्ञा कोणाची पाळावयाची हें ठाऊक नसे, आणि गर्दीमुळें बंबासच वाट मिळेनाशी होई.

सन १८४६ मध्यें दुर्लाखनें मेट्झकडून नवा बंब घेतला. तेथील नगर-स्थपति क्रिस्टियान हेंग्स्ट हा मोठा व्यवहारज्ञ पुरुष होता. उत्तम यंत्र अजाण हातीं पडलें तर गांवाचा पैसा फुकट, हें जाणून त्यानें त्याच वर्षीं स्वयंसेवकांचें एक पथक उभारलें. शिडीवर कोणीं चढावें, नळी कोणीं धरावी, दांड्याशीं कोणीं उभें राहावें, हें सर्व आधींच ठरवून कवाईत सुरू झाली. फ्रेंच शब्दावरून ह्या लोकांस ‘पोंपिये’ म्हणत.

एक वर्ष लोटण्यापूर्वींच त्यांची कसोटी लागली. दुर्लाख ही पूर्वीं राजधानी. पण तेथील राजानें सन १७१५ मध्यें सुमारें दीड कोसावर कार्ल्सरुहे हें नवें शहर वसविलें, दरबार तिकडे गेला, आणि दुर्लाख मागें पडलें. त्या वैभवशाली कार्ल्सरुहेंतील राजनाट्यगृहास दिनांक २८ फेब्रुवारी १८४७ रोजीं आग लागली. गॅसच्या दिव्यानें राजघराण्याच्या सज्जांतील कापड पेटलें, आणि आंतील लांकूडकाम पाहतां पाहतां भडकलें. बाहेर पडण्याच्या वाटा अपुऱ्या पडल्या. साठांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. नाट्यगृह वांचलें नाहीं. परंतु दुर्लाखचें पथक मेट्झचा बंब घेऊन आलें, आणि त्या शिस्तबद्ध तरुणांनीं आग शेजारच्या इमारतींकडे पसरूं दिली नाहीं. ज्या गांवास राजधानीनें मागें टाकलें, त्याच गांवचीं मुलें राजधानीच्या मदतीस आलीं!

हा धडा कार्ल्सरुहेनें तत्काळ घेतला. त्याच वर्षीं तेथें स्वयंसेवकांचें दल स्थापन झालें, आणि अग्निशामक दल ह्या अर्थाचा ‘फायरवेर’ हा शब्द रूढ होऊं लागला. सन १८४८ मध्यें मेट्झनें एक पुस्तिका लिहून नागरिक-रक्षकदलांत अग्निशामक पथक असलेंच पाहिजे असें प्रतिपादन केलें. अशा पथकांच्या स्थापनेस त्यानें ठिकठिकाणीं साहाय्य केलें. ह्यांत त्याचा व्यापार नव्हता असें नाहीं. पथकें वाढलीं म्हणजे बंबहि खपत. परंतु ज्या व्यापारांत विकणाऱ्याचा लाभ आणि घेणाऱ्याचें रक्षण एकत्र नांदतात, त्यास कोण नांवें ठेवील? तालीमबाज तरुणांच्या संघांनींहि ह्या कामीं मोठा हातभार लावला. चपळ अंग आणि आज्ञापालनाची संवय त्यांस आधींच होती.

पहिलें स्वयंसेवक दल आपलेंच, असा सन १८४१ चा दाखला देऊन सॅक्सनींतील माइसन शहर दावा सांगतें. तो वाद त्यांचा त्यांनीं मिटवावा. मेट्झ सन १८७७ मध्यें हायडेलबर्ग येथें निवर्तला. दुर्लाख सन १९३८ मध्यें कार्ल्सरुहेंतच विलीन झालें. प्रथा मात्र टिकली. आज जर्मनींत सुमारें दहा लक्ष स्त्री-पुरुष स्वयंसेवक म्हणून हें काम करतात. केवळ पगारी नोकरांवर चालणारीं दलें बहुतेक मोठ्या शहरांपुरतीं, व तींहि शंभराच्या आसपास. लहान गांवांत हांक आली कीं मोटारी दुरुस्त करणारा कारागीर हातांतील पाना खालीं ठेवून निघतो. त्यास कामावरून सोडलेंच पाहिजे, आणि त्याचा रोज कापतां येत नाहीं, अशी कायद्याची तरतूद आहे.

अशा कारागिराचें चरित्र कोणी लिहीत नाहीं. आग विझली कीं लोक जळलेलें मोजतात; वांचलेलें मोजण्याची संवय आपणांस नाहीं. त्याच्या आयुष्याचा मोठा भाग कवाईतींत, नळ्या वाळविण्यांत आणि पंपास तेल घालण्यांत जातो. तें सर्व कष्ट एखाद्या रात्रीच्या घटकाभरासाठीं असतात, आणि ती घटका कधीं येईल हें त्यास कोणी सांगितलेलें नसतें. ज्या कुटुंबांत मुलांस दुसऱ्याच्या दुःखानें कळवळावयास शिकवितात, त्यांनीं हेंहि शिकवावें कीं, कळवळ्यास कसबाची जोड हवी. विहिरीवरची दोरी मजबूत आहे कीं नाहीं, हें आग लागण्यापूर्वीं पाहणारा माणूस घरांत एक तरी असावा.