अंगणात उतरणारं इंजिन

मद्रासी गाडी म्हटलं की बुलेट आठवते. पण घरच्या घरी इंजिन आणि गिअरबॉक्स उतरवायला शिकायचं असेल, तर मद्रासचीच स्टँडर्ड हेराल्ड हाताशी हवी. स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने ती १९६१पासून दहा वर्षं वंडलूरजवळ बनवली. आजही कुणीकुणी ती जिवापाड जपतं.

हेराल्ड नवशिक्याला सोपी जाते, त्यामागे एक जुनी अडचण आहे. १९५३ साली मूळ ब्रिटिश कंपनीला बॉडी पुरवणारा कारखाना प्रतिस्पर्ध्याने विकत घेतला. अखंड बॉडी कोण बनवून देणार? म्हणून वेगळी चासी आणि तिच्यावर बोल्टांनी जोडलेले सुटे भाग, असा मार्ग निघाला. डिझायनर मिकेलोत्तीने तिला देखणं रूप दिलं. बॉनेट आणि पुढचे मडगार्ड मिळून एकच तुकडा. तो पुढे कलला की इंजिन दोन्ही बाजूंनी उघडं पडतं. पुढच्या चाकावर बसून पाना चालवता येतो!

गिअरबॉक्ससाठी तर गाडीखाली सरपटायलाही नको. पुढच्या सीट काढा, मधलं आवरण उचला. तो आतूनच बाहेर येतो. आधी बॅटरीची वायर सोडायची, पाणी आणि ऑइल काढायचं, मग प्रॉपेलर शाफ्ट, क्लचची जोडणी, स्टार्टर. चेन्नईच्या खाऱ्या हवेत बोल्ट गंजतात. आदल्या रात्री त्यांवर गंज सोडवणारं तेल मारलं, तर सकाळी डोकी तुटत नाहीत.

घाई इथेच घात करते. शेवटचे बोल्ट सोडण्याआधी इंजिनच्या मागच्या टोकाला टेकू द्या. गिअरबॉक्स सरळ मागे ओढा. त्याचं वजन क्षणभरही इनपुट शाफ्टवर लटकू देऊ नका, नाहीतर क्लच प्लेट वाकते. मग रेडिएटर, कार्बोरेटर, सायलेन्सरचा पाइप काढून, माउंटिंग सोडून इंजिन चेन कप्पीने वर घ्यायचं. कप्पी पोर्चच्या छताला मात्र कधीच टांगू नये. भक्कम तिवईच हवी, आणि लटकत्या इंजिनखाली कुणाचा हातही नको.

परत जोडताना क्लच प्लेट नेमकी मध्यावर बसावी लागते. त्यासाठी जुना इनपुट शाफ्ट उत्तम. चेन्नईतल्या पुदुपेटच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात तो शोधावा, आणि दात मोजूनच घ्यावा.