दात घासले की पाय चालतात!

एक आवंढा गिळ बरं. गिळलास? गेला कुठे तो?

‘पोटात!’ अगदी बरोबर. पण गंमत ऐक. आपल्या घशात वाटा दोन आहेत! मागची पोटाकडे जाते, पुढची फुप्फुसांकडे. आपण गिळतो तेव्हा हवेच्या वाटेवर एक इवलीशी झडप पडते. दिवसातून शेकडो वेळा, अगदी झोपेतसुद्धा! घाईघाईत पाणी पिताना ही झडप चुकली की ठसका लागतो.

आता एका आजोबांची कल्पना कर. त्यांना पक्षाघाताचा झटका आला, म्हणजे मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा अडला. हात-पाय लुळे पडले, ते सगळ्यांना दिसलं. पण जीभ आणि घसाही ढिले पडले, ते कुणाला दिसणार? झडप आता वेळेवर पडत नाही. थुंकी गुपचूप फुप्फुसांत उतरते. आणि कित्येकदा ठसकाही लागत नाही!

नुसती थुंकी असती तर एक वेळ चाललं असतं. पण तिच्याबरोबर जंतू उतरतात ना! तेच फुप्फुसांना आजारी पाडतात. त्या आजाराला न्यूमोनिया म्हणतात. माणसांच्या तोंडांत मिळून 700 च्या आसपास प्रकारचे जीवाणू सापडले आहेत. दातांवर त्यांचा चिकट थर जमतो, तेलाच्या बरणीखाली जमतो ना, अगदी तसा! नुसत्या पाण्याने तो हलत नाही. घासावाच लागतो.

आणि ज्यांना हातच उचलता येत नाही, त्यांनी दात घासायचे कसे?

जपानमधल्या डॉक्टरांनी यावर एक झकास प्रयोग केला. वृद्धांची 11 निवासगृहं निवडली. तिथल्या काही आजी-आजोबांचे दात प्रत्येक जेवणानंतर परिचारिका किंवा मदतनीस घासून देत. बाकीच्यांचं नेहमीसारखंच चालू राहिलं. असं तब्बल दोन वर्षं! 1999 मध्ये निकाल छापून आला. ज्यांचं नेहमीसारखं चाललं होतं, त्यांच्यातल्या शंभरातल्या 19 जणांना न्यूमोनिया झाला. दात घासून दिलेल्यांमध्ये? शंभरातल्या फक्त 11 जणांना!

बघ हं, फुप्फुसांचा आजार, आणि तो कमी केला साध्या टूथब्रशने! मला तर हे वाचून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

पण याचा पायांशी काय संबंध? आहे की! न्यूमोनिया झाला की ताप येतो, आणि आजोबा अंथरुणाला खिळतात. चालण्याचा सराव बंद! पडून राहिलं की पायांचे स्नायू भराभर रोडावतात. शिवाय तोंड दुखत असेल, कवळी सैल असेल, तर डाळ-भाजी चावणार कशी? खाल्लं नाही तर स्नायू भरणार कशाने?

जपानमधल्या पुनर्वसन रुग्णालयांत, म्हणजे जिथे रुग्ण पुन्हा चालायला आणि कपडे घालायला शिकतात तिथे, हेच दिसलं. भरती होताना ज्यांच्या तोंडाची अवस्था वाईट होती, त्यांची प्रगती कमी झाली. म्हणून अशा काही रुग्णालयांत दातांची निगा राखणारे तज्ज्ञ वॉर्डातच काम करतात. रुग्णाला चूळ भरता येत नसेल तर काडीला लावलेल्या ओल्या स्पंजने हिरड्या, गाल, जीभ हळुवार पुसून देतात. आधी हनुवटी किंचित खाली करायची, म्हणजे पाणी घशात ओघळत नाही. केवढी काळजी!

तिथे तोंडाची कवायतही असते. चल, करून बघ! जोरात म्हण : पा-ता-का-रा!

‘पा’ म्हणताना ओठ घट्ट मिटले ना? त्यामुळे घास बाहेर सांडत नाही. ‘ता’ला जिभेचं टोक पुढच्या दातांमागे टेकलं. ‘का’ला जिभेची मागची बाजू उचलली गेली, घास गिळताना उचलली जाते ना, तशीच! आणि ‘रा’ला जीभ वर वळली.

आता भरभर दहादा म्हण. जीभ दमली? दमणारच, तीही स्नायूंचीच बनलेली आहे! आजी-आजोबा हे जेवणाआधी म्हणतात. ताट समोर येईपर्यंत जीभ एकदम तयार!