गाडी पाहावी बांधून!

जुन्या फोर्डचा सांगाडा, भंगारातून उचललेलं इंजिन आणि काचेच्या धाग्यांची काया... अमेरिकेत घरोघरच्या गॅरेजमध्ये जन्माला येणाऱ्या ‘हॉट रॉड’ची ही कुळकथा. आणि थोडी कृतीसुद्धा!

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपल्याकडे म्हणतात. अमेरिकेतल्या, त्यातही दक्षिण कॅलिफोर्नियातल्या हौशी मंडळींनी या यादीत तिसरी गोष्ट घातलीय. गाडी पाहावी बांधून! शोरूममध्ये जाऊन चकचकीत गाडी घ्यायला पैसे लागतात, अक्कल लागत नाही, असं या लोकांचं ठाम मत. ते काय करतात? पन्नास-साठ वर्षांपूर्वीची, कधी कधी नव्वद वर्षांपूर्वीची गाडी आणतात. तिचे मडगार्ड, बॉनेट, जे जे जड ते ते काढून फेकतात. मूळचं इंजिन उतरवून त्याजागी दुप्पट-तिप्पट ताकदीचं बसवतात. छत कापून खाली घेतात. मग झळझळीत रंग मारून रविवारी सकाळी बायको-मुलांसह फिरायला निघतात. हीच हॉट रॉड.

हा उद्योग चालतो कुठे? घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये, शनिवार-रविवारच्या सुट्टीत. आपल्याकडे गणपतीची आरास जशी घरातली सगळी मिळून करतात, तसाच काहीसा प्रकार. फक्त ही आरास दीड दिवसात उठत नाही, चांगली दोन-चार वर्षं चालते!

कोरड्या तळ्यावरची शर्यत

या वेडाची सुरुवात झाली लॉस एंजेलिसच्या उत्तरेला, मोहावेच्या वाळवंटात. तिथे मुरॉक, एल मिराज अशी कोरडी पडलेली तळी आहेत. मैलोन्‌मैल सपाट, टणक जमीन. १९२० आणि १९३०च्या दशकांत शहरातली पोरं जुन्या फोर्ड गाड्या घेऊन तिथे जायची आणि कोणाची गाडी जास्त पळते ते बघायची. धुळीच्या लोटात मागच्याला पुढचा दिसत नसे. अपघात व्हायचे, जीवही जायचे. शेवटी १९३७ साली वेगवेगळ्या क्लबांनी एकत्र येऊन ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ स्थापन केली. नियम आले, शिस्त आली. पुढे मुरॉकचं तळं लष्कराकडे गेलं. आज तिथे एडवर्ड्‌स हा हवाई दलाचा प्रसिद्ध तळ आहे.

या मंडळींची लाडकी गाडी म्हणजे १९३२ची फोर्ड. तिचं लाडाचं नाव ‘ड्यूस’. त्या वर्षी हेन्री फोर्ड यांनी सामान्य माणसाच्या आवाक्यातल्या गाडीत प्रथमच आठ सिलिंडरचं ‘व्ही-एट’ इंजिन घातलं. ताकद ६५ अश्वशक्ती. आज आपल्या रस्त्यांवरच्या लहान मोटारींमध्येही जवळपास तेवढी ताकद असते. पण त्या काळी ती चैन होती, आणि या इंजिनात खटपटीला भरपूर वाव होता. कार्बुरेटर वाढवा, सिलिंडरचं हेड बदला, ताकद वाढलीच म्हणून समजा.

दुसरं महायुद्ध संपलं. सैन्यातून परतलेल्या तरुणांच्या खिशात थोडे पैसे होते आणि हातात यंत्रं सांभाळण्याचं कसब होतं. मग काय विचारता! भंगारवाल्यांकडच्या जुन्या फोर्ड भराभर उचलल्या गेल्या. जानेवारी १९४८मध्ये ‘हॉट रॉड’ नावाचं मासिकच निघालं. पण भर रस्त्यात रात्री-अपरात्री शर्यती लावणाऱ्या पोरांमुळे हॉट रॉडवाले म्हणजे गुंड, असा लोकांचा समज झाला होता. तो पुसण्यासाठी मासिकाचे संपादक वॉली पार्क्स यांनी १९५१मध्ये ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ काढली. शर्यत रस्त्यावर नको, धावपट्टीवर करा, हा तिचा आग्रह. घरोघरच्या आया सुटकेचा नि:श्वास टाकण्याचं खरं श्रेय या संस्थेला द्यायला हवं.

काचेची काया

आता एक अडचण उभी राहिली. जुन्या फोर्डचे पत्र्याचे सांगाडे काही झाडाला लागत नाहीत. जे होते ते गंजले, सडले, शर्यतीत चेपले. उरले त्यांच्या किमती चढल्या. मग नवी बॉडी आणायची कुठून?

उत्तर मिळालं बोटी बांधणाऱ्यांकडून. काचेचे केसासारखे बारीक धागे मोठ्या प्रमाणावर काढण्याची युक्ती १९३०च्या दशकात साधली होती. या धाग्यांची चटई किंवा कापड साच्यावर पसरायचं, त्यावर रेझिन नावाचा पातळ, चिकट पदार्थ चोपडायचा. तो वाळला की दगडासारखा घट्ट, पण वजनाला हलका. हेच फायबरग्लास. गंज चढण्याचा प्रश्नच नाही! कॅलिफोर्नियातल्या कोस्टा मेसा इथे बिल ट्रिट हे गृहस्थ या पदार्थाच्या लहान बोटी बनवत. १९५०च्या सुमारास त्यांनी एका लष्करी अधिकाऱ्याच्या पत्नीसाठी जुन्या जीपच्या चॅसीवर फायबरग्लासची देखणी बॉडी चढवली. १९५३मध्ये तर शेव्हरले कंपनीने ‘कॉर्व्हेट’ ही अख्खी मोटारच फायबरग्लासच्या बॉडीत बाजारात आणली. पहिल्या वर्षी गाड्या निघाल्या फक्त ३००, सगळ्या पांढऱ्याशुभ्र.

घरगुती कारागिरांना तर जादूची कांडीच मिळाली. पत्रा ठोकून वळवायला वर्षांचा सराव लागतो, मोठी अवजारं लागतात. फायबरग्लासला लागतात ब्रश, रोलर, कात्री आणि चिकाटी. एड रॉथ या अवलियाने प्लास्टरमध्ये आकार घडवून, त्यावर फायबरग्लास चढवून ‘आउटलॉ’ (१९५९) आणि ‘बीटनिक बँडिट’ (१९६१) या गाड्या घडवल्या. दुसरीच्या डोक्यावर पारदर्शक घुमट, आणि स्टिअरिंगच्या चाकाऐवजी एकच दांडा! बोटी बांधणाऱ्या ब्रूस मेयर्स यांनी १९६४मध्ये फोक्सवॅगन बीटलचा तळ आखूड करून त्यावर बसणारी ‘मेयर्स मँक्स’ ही वाळूत पळणारी बग्गी काढली. तिच्या इतक्या नकला झाल्या की मेयर्स कोर्टात गेले. तिथे हरले! पण नाव त्यांचंच राहिलं.

एकदा साचा तयार झाला की त्यातून एकामागून एक बॉड्या काढता येतात. त्यामुळे १९३२च्या फोर्डची हुबेहूब बॉडी आजही नवी कोरी मिळते. काही कट्टर मंडळी मात्र नाक मुरडतात. ‘पत्रा तो पत्रा, बाकी सगळं प्लॅस्टिक!’ असं त्यांचं म्हणणं. हा वाद आपल्याकडच्या चुलीवरची भाकरी विरुद्ध गॅसवरची भाकरी यासारखा. मिटायचा नाही.

बॉडीत बदल करायचा तर...

तयार बॉडी आणली तरी तिला आपल्या मनासारखं करण्यातच खरी गंमत. दार रुंद करायचं, छत दोन इंच खाली घ्यायचं, मागे दिव्यांसाठी खोबणी करायची. हे काम कसं चालतं पाहा.

आधी कापायच्या जागेच्या अवतीभवती बॉडीला आतून तात्पुरत्या आडव्या पट्ट्या मारतात. नाहीतर कापल्याबरोबर बॉडी फाकते आणि दार जन्मात बसत नाही. मग कापलेल्या कडा जाड्या पॉलिशपेपरने घासून दोन्ही बाजूंनी उतरत्या करतात. बॉडीची जाडी चार मिलिमीटर असेल, तर हा उतार चार ते पाच सेंटिमीटर रुंद हवा. गुळगुळीत पृष्ठभागावर नवा थर मारला तर तो पापुद्र्यासारखा निघून येतो. घासलेला भाग अ‍ॅसिटोनने पुसला की धाग्यांच्या चटईचे तुकडे एकावर एक लावायचे. प्रत्येक थर रेझिनने पूर्ण भिजायला हवा, पण तो निथळता नको. रोलर फिरवून आतले हवेचे बुडबुडे काढायचे. राहिलेला बुडबुडा पुढे उन्हात फुगतो आणि महागड्या रंगावर फोड येतो.

रेझिन आपोआप वाळत नाही. त्यात हार्डनर मिसळावा लागतो. एक किलोला साधारण १० ते २० ग्रॅम. हवा गार असेल तर थोडा जास्त, उकाडा असेल तर कमी. जिलबीच्या पिठासारखंच हे. ऋतू पाहून हात सैल सोडायचा की आखडायचा ते ठरवायचं. नवा आकार वाढवायचा असेल तर फोम कोरून त्यावर थर देतात. मात्र पॅकिंगमधला पांढरा थर्माकोल वापरला तर पॉलिएस्टर रेझिन लागताच तो डोळ्यांदेखत विरघळून जातो!

आणखी एक गोम. पत्र्याच्या गाडीत दिव्याची एक वायर बॉडीला जोडली की काम भागतं. फायबरग्लासमधून वीज वाहत नाही. त्यामुळे प्रत्येक दिव्याला, प्रत्येक मोटरला अर्थिंगची वेगळी वायर ओढावी लागते. सगळं झालं आणि दिवेच लागेनात, असं झालं की आधी तिथे बघायचं.

हौस आणि जीव

इथवर वाचून हात शिवशिवायला लागले असतील तर जरा थांबा. या हौसेची दुसरी बाजूही आहे.

पहिली गोष्ट, हार्डनर. त्याचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्म्याशिवाय बाटलीला हात लावायचा नाही. रेझिन लवकर वाळावं म्हणून कोबाल्टचं द्रावण वापरतात. ते आणि हार्डनर थेट एकमेकांत ओतले तर स्फोट होतो. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचं, मगच दुसरं. रेझिन वाळताना गरम होतं. डब्यात जास्त उरलं तर धुमसून पेट घेतं. वाळलेला थर घासताना उडणारी धूळ अंगाला खाजते आणि फुप्फुसात जाते. म्हणून चांगला मास्क, हातमोजे आणि मोकळी हवा हवीच. लहान मुलांना या कामाच्या वेळी गॅरेजबाहेर ठेवायचं.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. फायबरग्लासची बॉडी दिसायला गाडी असली तरी ताकद चॅसीची असते. जुन्या गाडीच्या जीर्ण चॅसीत आणि जुनाट ब्रेकवर तिप्पट ताकदीचं इंजिन बसवणं म्हणजे बैलगाडीला आगगाडीचं इंजिन जोडण्यासारखंच. जाणती मंडळी म्हणूनच रंगाच्या आधी ब्रेकचा विचार करतात. चॅसीला आतून पट्ट्या वेल्ड करतात, चारी चाकांना डिस्क ब्रेक लावतात. दाराचे बिजागर आणि सीटबेल्ट नुसत्या फायबरग्लासला कधीच अडकवत नाहीत. बिजागरामागे लोखंडी पट्टी बसवतात, बेल्ट थेट लोखंडी सांगाड्याला जोडतात. कारण धडक झाली तर काचेची काया चुरगळत नाही, फुटते. तेव्हा आतल्या माणसाला वाचवतं ते लोखंडच.

तिसरी गोष्ट पैशांची. बॉडी स्वस्त पडते, पण चाकं, काचा, सीट, वायरिंग, रंग यांची बिलं चढत जातात. अर्धवट राहिलेल्या गाड्या विकायला काढल्याच्या जाहिराती अमेरिकेत नेहमी दिसतात. त्यामागे बऱ्याचदा एखाद्याचं बिघडलेलं बजेट असतं, कधी बिघडलेला संसारही. म्हणून अनुभवी लोकांचा सल्ला असा, की आधी गाडी बिनरंगाची चालती करा. चालती गाडी घरच्यांचा धीर टिकवते.

आणि आपल्याकडे?

अमेरिकेत घरी बांधलेल्या गाडीची नोंदणी होते. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. कॅलिफोर्नियात दिवे-ब्रेकची तपासणी होते, सुटे भाग चोरीचे नाहीत ना हे पोलीस पाहतात. त्यामुळे प्रत्येक नटबोल्टची पावती जपून ठेवावी लागते.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत मूलभूत बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केलं. सीएनजी बसवणं किंवा अपंग व्यक्तीच्या सोयीसाठी बदल करणं यासाठी परवानगीची वाट आहे. पण छत कापून, दुसरं इंजिन घालून गाडी रस्त्यावर आणली तर दंड होईलच, आणि अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करण्याची शक्यता मोठी.

म्हणजे फायबरग्लास आपल्याला परकं आहे का? मुळीच नाही. १९८०च्या दशकात बंगळूरच्या सिपानी कंपनीची ‘डॉल्फिन’ ही फायबरग्लास बॉडीची छोटी मोटार आपल्या रस्त्यांवर धावत होती. हलकी असल्याने रॅलीतही तिने नाव काढलं. कोकण किनाऱ्यावर लाकडी होड्यांच्या जोडीला फायबरच्या होड्या आल्या, त्यालाही बरीच वर्षं झाली. त्या दुरुस्त करणारे कारागीर रेझिन, चटई आणि रोलर घेऊन नेमकं तेच काम करतात, जे कॅलिफोर्नियातला हौशी बाप आपल्या मुलाला शनिवारी शिकवत असतो.

तेव्हा ज्या घरात एखादा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी सारखी स्क्रू-पाना घेऊन बसलेली असते, तिथे मोटारीच्या वाटेला न जाता एखादी फुटकी टाकी, स्कूटरचं तडकलेलं बाजूचं झाकण किंवा बागेतली कुंडी यावर हात बसवू द्या. आईबाबांपैकी कुणीतरी शेजारी बसा, चष्मा आणि हातमोजे स्वत: तपासा. बिघडलं तर नुकसान शे-दोनशे रुपयांचं. जमलं तर कसब जन्मभराचं!