सावित्रीबाईंचा त्याग आणि शिक्षिकेचा पगार

दरवर्षी ३ जानेवारीस शाळाशाळांतून सावित्रीबाई फुले यांची जयंती साजरी होते. अर्धापूरसारख्या तालुक्याच्या गावी आणि भोवतालच्या खेड्यांतही प्रतिमेस हार घातला जातो, एखादी विद्यार्थिनी नऊवारी नेसून सावित्रीबाईंची भूमिका करते आणि वक्ते शेणामातीच्या माऱ्याचा प्रसंग हमखास सांगतात. तो प्रसंग विसरता कामा नये, हे खरेच. परंतु केवळ तेवढाच स्मरणात ठेवल्याने त्या आयुष्यातील एक रोकडा प्रश्न झाकला जातो. शाळा चालते कशावर? तिचा खर्च कोणी सोसावयाचा आणि शिकविणाऱ्या बाईला पगार कोणी द्यावयाचा? अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला हा प्रश्न टाळता येत नाही. आणि खरे म्हणजे तो समाजालाही टाळता येऊ नये.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. १८४० मध्ये त्यांचा विवाह झाला, तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. जोतिरावांनी त्यांना अक्षरओळख करून दिली, हे सर्वज्ञात आहे. पुढे अहमदनगर आणि पुणे येथे त्यांनी अध्यापनाचे रीतसर शिक्षण घेतले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. अध्यापन ही केवळ सद्भावनेची बाब नसून शिकून घ्यावयाची विद्या आहे, ही जाणीव या दांपत्याला प्रारंभापासून होती. १८४८ मध्ये पुण्यातील भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली; १८४९ मध्ये त्या कार्यापायी उभयतांना राहते घर सोडावे लागले; आणि १८५१ च्या अखेरीस तीन शाळांतून सुमारे दीडशे मुली शिकत होत्या. अवघ्या तीन वर्षांतील हे काम आहे. पुढे १८६३ मधील बालहत्या प्रतिबंधक गृह, १८७३ नंतरचे सत्यशोधक समाजाचे कार्य, हुंड्याविना आणि पुरोहिताविना लागलेली लग्ने हे सारे या पहिल्या पायरीवरच उभे राहिले. स्त्रीच्या हक्काची भाषा बोलण्यापूर्वी सावित्रीबाईंनी तिच्या हाती पाटी दिली.

आता हिशेबाकडे वळू. या शाळा देणग्या, वर्गण्या आणि सरकारची थोडीफार मदत यांवर चालत. सावित्रीबाई मात्र वेतन न घेता शिकवीत. सुरुवातीच्या वर्षांतील शाळांच्या अहवालात या गोष्टीची कृतज्ञतापूर्वक नोंद झालेली आहे. याचा अर्थ असा की, ज्या श्रमाच्या आधारे ही संस्था उभी होती, तो तिच्या जमाखर्चात कोठेच नव्हता. पुढे १८५७ च्या उठावानंतर युरोपीय देणगीदारांचा हात आखडला आणि शाळांचा आर्थिक पाया खचत गेला. ज्यांना शेणाचे गोळे बंद पाडू शकले नाहीत, त्या शाळांना पैशाची टंचाई भोवली, हा इतिहासाचा धडा आपण शिकण्यासारखा आहे.

१८५६ च्या ऑक्टोबरात सावित्रीबाई आजारी पडून माहेरी नायगावला होत्या. तेथून त्यांनी जोतिरावांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. आपल्या अनुपस्थितीत फातिमेवर कामाचा भार पडत असेल, याची खंत त्यात व्यक्त झाली आहे. या पत्राकडे आपण दोन सहकारी स्त्रियांच्या जिव्हाळ्याचे दर्शन म्हणून पाहतो, आणि ते योग्यच आहे. परंतु ते एका संस्थेच्या दुबळेपणाचेही दर्शन आहे. एक शिक्षिका आजारी पडली की सारा भार दुसरीच्या खांद्यावर! शिक्षिका तयार करणारी आणि तिला पोटापुरते देणारी कोणतीही यंत्रणा त्या काळी मागे उभी नव्हती.

याच सुमारास युरोपच्या दुसऱ्या टोकाला, डेन्मार्कमध्ये, नाताली झाहले या बाईंनी १८५१ मध्ये कोपनहेगन येथे शिक्षिका घडविणारा वर्ग सुरू केला. त्यांच्या नावाची शाळा आजही तेथे चालू आहे. दोन्ही स्त्रियांचे धैर्य तोलण्याचे कारण नाही. फरक परिस्थितीचा होता. झाहलेबाईंच्या शाळेत सुखवस्तू घरांतील मुली फी भरून येत; सावित्रीबाईंच्या शाळांत येणाऱ्या अनेक मुलींच्या घरी फी तर दूरच, मुलीचे काम बुडाल्याचाच तोटा मोठा होता. गरिबांची शाळा फीवर चालत नाही आणि देणगीवर फार काळ टिकत नाही. ती समाजाने, म्हणजेच शासनाने, आपल्या तिजोरीतून चालवावी लागते.

जोतिरावांनी हा निष्कर्ष स्वानुभवातून काढला होता. १८८२ च्या हंटर आयोगापुढील निवेदनात त्यांनी बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. आणि तेथेच न थांबता प्राथमिक शिक्षकास दरमहा किमान १२ रुपये व मोठ्या गावी १५ ते २० रुपये पगार असावा, असे आकड्यांनिशी सांगितले. पंडिता रमाबाईंनीही त्याच आयोगापुढे स्त्री शिक्षिका तयार करण्याचा आग्रह धरला. सुधारकांची ती पिढी भावनेइतकीच व्यवहाराची भाषा जाणत होती.

आपण मात्र व्यवहार विसरलो आणि भावना जपली. निजामी राजवटीमुळे मराठवाड्यात शिक्षणाचा प्रसार उशिरा झाला, हे १९४८ नंतर आपण नित्य सांगत आलो. पण २०११ च्या जनगणनेतही राज्याचे स्त्री-साक्षरतेचे प्रमाण सुमारे ७६ टक्के असताना नांदेड जिल्ह्याचे सुमारे ६६ टक्केच होते. या अनुशेषावर उपाय कोणते झाले? १९९२ मध्ये दुर्बल घटकांतील मुलींना शाळेत येण्यासाठी रोज एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. हेतू उत्तम होता, परंतु भाव वाढत गेले तरी तो रुपया कित्येक वर्षे रुपयाच राहिला. २००० मध्ये शिक्षणसेवक योजना आली आणि नव्या शिक्षकाचा तीन वर्षांचा पगार ‘मानधन’ झाला. २००१ मध्ये ‘कायम विनाअनुदान’ तत्त्व आले. त्यातील ‘कायम’ हा शब्द २००९ मध्ये वगळला गेला; पण शब्द गेल्याने घरातील चूल पेटत नाही. असंख्य शिक्षिकांनी उमेदीची वर्षे नाममात्र रकमेवर किंवा तीही न मिळता काढली.

यावर असे म्हटले जाते की, शिक्षण हे व्रत आहे, सावित्रीबाईंनी कोठे पगार मागितला होता? हा युक्तिवाद वरकरणी उदात्त असला तरी मुळात अन्यायाचा आहे. सावित्रीबाईंनी त्याग केला तो स्वेच्छेने, आणि समाज व सरकार दोघेही कर्तव्य करीत नव्हते म्हणून. तो त्याग हे समाजावरील ऋण आहे. पुढच्या शिक्षिकांना राबवून घेण्याचा परवाना नव्हे. निवडलेला त्याग आणि लादलेली उपासमार यांना एकाच नावाने संबोधणे ही सावित्रीबाईंची विटंबना होय.

याचा परिणाम शिक्षिकेपुरता मर्यादित राहत नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले आढळले. आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यात हेच प्रमाण ४८ टक्के होते. बालविवाहाची कारणे अनेक आहेत. दारिद्र्य आहे, ऊसतोडीचे स्थलांतर आहे, मुलीच्या सुरक्षिततेची धास्ती आहे. परंतु मुलीला पुढे शिकवावे की उजवून टाकावे, याचा विचार करणारा बाप गावातल्या शिकलेल्या बाईकडे पाहत असतो. दोन पदव्या मिळवूनही तिची महिन्याची कमाई केळीच्या बागेतील वा हळदीच्या रानातील मजुरीपेक्षा कमी दिसली, तर शिक्षणाचे मोल त्याने कोणत्या भाषणावरून ओळखावे?

सावित्रीबाई १८९७ मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने गेल्या. तो दिवस होता १० मार्च. त्यांच्या नावाने योजना आहेत, पुरस्कार आहेत, २०१४ पासून पुणे विद्यापीठही आहे. आता त्यांच्या जयंतीस एवढेच व्हावे: प्रत्येक शाळेने आपल्या शिक्षिकांची रिक्त पदे आणि थकलेले पगार फळ्यावर लिहावेत, आणि व्यासपीठावरील पाहुण्यांनी हार घालण्यापूर्वी तो फळा वाचावा. ज्या वर्षी त्या फळ्यावर लिहिण्यासारखे काही उरणार नाही, त्या वर्षी सावित्रीबाईंचे ऋण थोडेफार फिटले, असे म्हणता येईल.